आराखडा, चूक आणि विनंती : गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन खात्याच्या भूमिकेची चिकित्सा

सारांश

जमीन वापराचे नियोजन करणाऱ्या शासकीय कार्यालयाकडे तीन कामे असतात : आराखडा तयार करणे, त्याची राखण करणे आणि गरज पडल्यास त्यात बदल करणे. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन खात्याच्या वाटचालीत तिसरे काम पहिल्या दोहोंवर कसे वरचढ ठरत गेले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रादेशिक आराखडा २०११ व २०२१, नगर व ग्राम नियोजन कायद्यातील कलम १६ब, १७ (२) व ३९अ, तसेच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा मार्च २०२५ मधील निर्णय यांच्या आधारे, आराखड्यातील ‘चूक’ आणि जमीनमालकाची ‘विनंती’ यांतील भेद पुसला गेल्याने खात्याची नियोजनात्मक भूमिका दुबळी झाली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जमीन वापर, प्रादेशिक आराखडा, क्षेत्रबदल, खाजन जमीन, ग्रामसभा, नगर नियोजन.

१. प्रास्ताविक

जमिनीच्या वापरातील बदल बहुधा एकाच दिशेने होतो. शेताचे घर होते, डोंगरउताराची वसाहत होते. उलट प्रवास क्वचितच घडतो. म्हणून जमीन वापराविषयीच्या निर्णयांना अन्य प्रशासकीय निर्णयांहून वेगळे गांभीर्य असते. चुकीने दिलेला परवाना रद्द करता येतो, चुकीने आकारलेला कर परत करता येतो. परंतु कापलेली टेकडी पुन्हा उभी करता येत नाही.

गोव्यासारख्या ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या राज्यात हे गांभीर्य अधिकच जाणवते. पूर्वेस सह्याद्रीची वनक्षेत्रे व अभयारण्ये, पश्चिमेस सागरकिनारा आणि नद्यांच्या काठाने पसरलेली खाजन शेती यांमुळे बांधकामास मोकळी राहणारी जमीन मुळातच थोडी आहे. पर्यटन व ‘दुसरे घर’ घेऊ इच्छिणारा बाहेरचा ग्राहक यांमुळे तिला असलेली मागणी मात्र स्थानिक लोकसंख्येच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे. अशा परिस्थितीत कोणती जमीन कशासाठी वापरावी हे ठरविणाऱ्या कार्यालयाची भूमिका काय असावी, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

या विषयावरील सार्वजनिक चर्चा बहुधा मंत्री, विकासक व आंदोलने यांभोवती फिरते. ज्या कार्यालयात नकाशे रंगविले जातात, अर्ज स्वीकारले जातात व टिपणे लिहिली जातात, त्या कार्यालयाची संस्था म्हणून चिकित्सा फारशी होत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्या दिशेने आहे.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) नियोजन कायद्याने खात्यास दिलेल्या भूमिकेचे स्वरूप स्पष्ट करणे, (२) प्रादेशिक आराखड्यांच्या इतिहासात ती भूमिका कशी बदलत गेली याचा मागोवा घेणे, (३) भूखंडनिहाय क्षेत्रबदलाच्या तरतुदींची चिकित्सा करणे, आणि (४) काही सूचना मांडणे. शहरी भागांतील बाह्य विकास आराखडे व त्यांसाठीची नियोजन व विकास प्राधिकरणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने येथे मुख्यतः प्रादेशिक आराखड्याचाच विचार केला आहे.

३. कायद्याने दिलेली भूमिका

गोवा, दमण व दीव नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४ हा या व्यवस्थेचा पाया होय. या कायद्यानुसार मुख्य नगर नियोजकाने प्रदेशाची पाहणी करावी, जमिनीच्या विद्यमान वापराची नोंद करावी व तिच्या आधारे आराखड्याचा मसुदा तयार करावा. मंडळाने त्यावर विचार करावा. लोकांच्या हरकती मागवाव्यात आणि अखेरीस शासनाने आराखड्यास मान्यता द्यावी, असा क्रम अभिप्रेत आहे. नगर व ग्राम नियोजन मंडळाचे अध्यक्षपद खात्याच्या मंत्र्यांकडे असते. म्हणजेच तज्ज्ञाचा मसुदा, मंडळाची छाननी व शासनाची मान्यता या तिन्ही पायऱ्या कागदावर वेगळ्या असल्या, तरी व्यवहारात त्या एकाच खात्याच्या छत्राखाली येतात.

सामान्य नागरिकाचा या खात्याशी संबंध येतो तो क्षेत्रनिर्देशामुळे. घर बांधू इच्छिणाऱ्या व्यक्तीस आपला सर्व्हे क्रमांक आराखड्यात वसाहत क्षेत्रात आहे की बागायत, शेती वा नैसर्गिक आच्छादनाच्या क्षेत्रात, हे प्रथम पाहावे लागते. त्यानंतर गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खालील रूपांतराची सनद, खात्याची तांत्रिक मान्यता व पंचायतीचा बांधकाम परवाना असा प्रवास सुरू होतो. या साखळीतील पुढील प्रत्येक कार्यालय आराखड्यातील रंगाचा आधार घेते. म्हणून रंग बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती साखळीची पहिली कडी असते. सनद देणारे महसूल अधिकारी व परवाना देणारी पंचायत यांच्यापर्यंत प्रकरण येते, तेव्हा मुख्य निर्णय बहुतांशी होऊन गेलेला असतो.

४. दोन आराखडे, दोन अनुभव

गोव्याचा पहिला प्रादेशिक आराखडा, म्हणजे प्रादेशिक आराखडा २००१, हा १९८६ मध्ये अधिसूचित झाला. त्याची जागा घेण्यासाठी तयार केलेला प्रादेशिक आराखडा २०११ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित करण्यात आला. वने, शेते व किनाऱ्यालगतच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर वसाहत क्षेत्रात घेतल्याचे लक्षात येताच त्याविरुद्ध तीव्र लोकमत उभे राहिले. ‘गोवा बचाव अभियान’ या आघाडीने डिसेंबर २००६ मध्ये या असंतोषास संघटित रूप दिले आणि जानेवारी २००७ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या शासनास हा आराखडा मागे घेण्याचा निर्णय घ्यावा लागला.

या घटनेचा अर्थ सहसा ‘लोकांनी आराखडा हाणून पाडला’ असा लावला जातो. तो अपुरा आहे. विद्यमान जमीन वापर व प्रस्तावित वापर यांतील तफावत सामान्य नागरिकांना नकाशे ताडून पाहून शोधून काढावी लागली, ही खरी लक्षणीय बाब होय. ज्या कार्यालयाने विद्यमान वापराची नोंद ठेवावयाची व तिच्या आधारे आराखडा रचावयाचा, त्याचेच काम लोकांनी खात्याबाहेर राहून केले. पाहणीशी नाते तुटलेला आराखडा लोकांना स्वीकारता आला नाही, असे या घटनेचे अधिक नेमके वाचन होईल.

त्यानंतर दिगंबर कामत यांच्या शासनाने स्थापन केलेल्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व नियोजनतज्ज्ञ एडगर रिबेरो यांचा सहभाग होता. प्रादेशिक आराखडा २०२१ चा मसुदा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवून सूचना मागविण्यात आल्या. वने, खाजने व भातशेते यांसारख्या जमिनींना पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील मानून आराखड्यात विशेष संरक्षण देण्यात आले. अनेक गावांत सर्व्हे क्रमांक हातात घेऊन ग्रामस्थांनी नकाशे तपासले. नियोजनाच्या इतिहासात या टप्प्याचे मोल मोठे आहे. कारण येथे प्रथमच आराखडा खात्याच्या दालनातून ग्रामसभेच्या मंडपात आला.

तरीही अंतिम आराखडा निर्दोष नव्हता. २०१० व २०११ मध्ये तो टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला, तेव्हा गावांनी दिलेल्या सूचना व प्रसिद्ध झालेले नकाशे यांत फरक असल्याच्या तक्रारी आल्या. मार्च २०१२ मध्ये सत्तांतर झाल्यावर मनोहर पर्रीकर यांच्या शासनाने हा आराखडा स्थगित ठेवला. आक्षेप तपासून आराखडा दुरुस्त करण्याची तीच योग्य वेळ होती. परंतु स्थगितीचा काळ संपूर्ण पुनरीक्षणात परिणत झाला नाही. आराखड्यातील खऱ्या चुका तशाच राहिल्या व पुढे त्या चुकाच नव्या तरतुदींच्या समर्थनार्थ पुढे केल्या गेल्या.

५. चूक आणि विनंती : कलम १६ब ते ३९अ

२०१८ मध्ये कायद्यात कलम १६ब समाविष्ट करण्यात आले. कोणाही व्यक्तीस आपल्या जमिनीचे क्षेत्र बदलून मिळावे अशी विनंती करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. या तरतुदीस उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्यानंतर २०२३ मध्ये कलम १७ चे उपकलम (२) आले. आराखड्यात अनवधानाने झालेल्या चुका आणि विसंगत क्षेत्रनिर्देश दुरुस्त करणे, असा त्याचा घोषित हेतू होता. २०२४ मध्ये कलम ३९अ आणण्यात आले. त्यात हरकतींसाठी ३० दिवसांची सूचना देऊन क्षेत्रबदल करण्याची तरतूद आहे.

या तीन कलमांची भाषा भिन्न आहे. कलम १६ब विनंतीची भाषा बोलते, कलम १७ (२) चुकीची, तर कलम ३९अ बदलाची. परंतु तिन्हींचे व्यावहारिक एकक एकच आहे : स्वतंत्र भूखंड. आराखड्याचे एकक प्रदेश असते, गाव असते, पाणलोट असतो. या तरतुदींचे एकक अर्जदाराची मालमत्ता आहे. हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी खात्याच्या भूमिकेतील मूलभूत बदल त्यात दडलेला आहे.

येथे ‘चूक’ व ‘विनंती’ यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या वाड्यावरील घर आराखड्यात नैसर्गिक आच्छादनाच्या क्षेत्रात दाखविले गेले असेल, तर ती चूक होय. ती सिद्ध करण्यास आराखडा तयार होण्यापूर्वीचा पुरावा उपलब्ध असतो : सर्वेक्षणाचा नकाशा, एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, पंचायतीने पाठविलेली सूचना. उलट, बागायत म्हणून खरेदी केलेल्या जमिनीवर वसाहत उभारावयाची इच्छा ही विनंती होय. तिला पूर्वीचा पुरावा नसतो. तिचा आधार भविष्यातील लाभात असतो. विनंती करणे गैर नाही. मात्र तिला ‘चूक’ हे नाव दिले की तपासणीची कसोटीच बदलते. चूक दुरुस्त करणाऱ्याला ‘हे गावासाठी योग्य आहे काय’ असे विचारावे लागत नाही. केवळ ‘हे असेच असावयास हवे होते’ एवढे म्हटले की काम भागते.

शिवाय चूक दुरुस्त होण्याची खरी गरज ज्यांना असते, त्यांची बाजूही यात कमकुवत होते. वडिलोपार्जित जागेत एक खोली वाढवू इच्छिणारे कुटुंब आणि विस्तीर्ण बागायतीचे रूपांतर मागणारी कंपनी एकाच तरतुदीखाली एकाच खात्यापुढे उभी राहतात. शुल्क भरण्याची, वास्तुविशारद नेमण्याची व पाठपुरावा करण्याची दोघांची क्षमता सारखी नसते. लहान मालकाच्या अडचणीचा दाखला देऊन आणलेली तरतूद मोठ्या मालकास अधिक सुलभ ठरावी, ही या व्यवस्थेतील गंभीर विसंगती होय.

दुसरी विसंगती कायद्यांच्या परस्परसंबंधात दिसते. २०२३ मध्येच गोवा विधानसभेने शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा केला. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये, हा त्याचा हेतू होता. एकीकडे शेताच्या खरेदीविक्रीवर बंधन घालावयाचे आणि त्याच वर्षी दुसरीकडे क्षेत्रनिर्देश भूखंडनिहाय बदलण्याचा मार्ग उघडावयाचा, यात धोरणाची एकसूत्रता आढळत नाही.

६. न्यायालयीन निर्णयाचा अर्थ

१३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम १७ (२) खालील २०२३ चे नियम व मार्गदर्शक सूचना रद्द ठरविल्या. मूळ कलम मात्र न्यायालयाने कायम ठेवले व त्याचा अर्थ मर्यादित केला. या निर्णयाचे स्वागत करताना त्याची नेमकी व्याप्ती ध्यानात घेतली पाहिजे. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारलेला नाही. त्या अधिकाराच्या आडून मूळ आराखडाच तुकड्यातुकड्याने बदलला जाऊ नये, हा या निर्णयाचा गाभा होय.

तथापि न्यायालय खात्याची जागा घेऊ शकत नाही. न्यायालयापुढे प्रकरण येते ते बहुधा निर्णय झाल्यानंतर. अनेकदा उतार कापला गेल्यानंतर. याचिका दाखल करणाऱ्या संस्था व व्यक्ती यांच्या चिकाटीवर एखाद्या राज्याचा जमीन वापर अवलंबून राहावा, ही नियोजनाची निरोगी अवस्था नव्हे. नियम रद्द झाले, तरी खात्याची कार्यपद्धती आपोआप बदलत नाही. एक कलम अडले की दुसरे पुढे येते, हे २०१८ ते २०२४ या काळाने दाखवून दिले आहे.

७. भूखंडाची सीमा आणि परिणामांची सीमा

भूखंडनिहाय क्षेत्रबदलाच्या मुळाशी एक गृहीतक आहे : जमिनीच्या वापरातील बदलाचा परिणाम त्या जमिनीपुरताच राहतो. गोव्याच्या भूरचनेत हे गृहीतक टिकत नाही. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण खाजन शेतीचे आहे.

खाजन म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडविलेली व मानशीच्या दारांतून पाण्याची ये-जा नियंत्रित केलेली सखल जमीन. भातशेती, मासेमारी व मिठागरे यांचा मेळ या पद्धतीत पूर्वापार घातला गेला. बांधांची देखभाल हे गावकरी संस्थेचे, म्हणजेच कोमुनिदादीचे, सामूहिक कर्तव्य मानले जाई. कारण बांध एका ठिकाणी फुटला तर पाणी मालकाचे नाव विचारून शेतात शिरत नाही. अशा जमिनीचा एक तुकडा मातीने भरून उंच केला, तर पावसाचे पाणी शेजारच्या शेतात तुंबते. शेजाऱ्याचे पीक जाते. शेत पडीक राहते. आणि काही वर्षांनी ते ‘पडीक’ आहे याच कारणास्तव त्याच्याही क्षेत्रबदलाचा अर्ज येतो. पहिला बदल दुसऱ्या बदलाची भूमिका तयार करतो.

डोंगरउताराबाबतही असेच म्हणता येईल. माथ्यावरील झाडी व माती धरून ठेवतात ते पाणी पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. टेकडी कापण्यास व सखल जमीन भरण्यास मुख्य नगर नियोजकाची पूर्वपरवानगी आवश्यक करणारे कलम १७अ याच जाणिवेतून आले आहे. म्हणजे परिणाम भूखंडाबाहेर जातात, हे कायद्यासही मान्य आहे. असे असता त्याच कायद्यातील अन्य कलमांनी भूखंड हेच एकक मानावे, ही कायद्यांतर्गत विसंगती होय.

८. महाराष्ट्राच्या अनुभवाचा दाखला

आराखड्यातील चुकांचा प्रश्न गोव्यापुरता मर्यादित नाही. म्हणून शेजारच्या महाराष्ट्रातील तरतुदींशी थोडी तुलना उपयुक्त ठरेल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ नुसार विकास आराखड्यात करावयाचा फेरबदल आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी अट आहे. तसेच सूचना प्रसिद्ध करणे, बाधित व्यक्तींना कळविणे व हरकती ऐकणे आवश्यक आहे. या तरतुदींमुळे महाराष्ट्रातील आरक्षणबदलांचे वाद संपले असे म्हणता येणार नाही. परंतु ‘मूळ स्वरूप’ ही कसोटी निदान कायद्यात लिहिलेली आहे व तिच्या आधारे निर्णयाची चिकित्सा करता येते.

मुंबईच्या विकास आराखडा २०३४ चा अनुभव अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात असंख्य चुका आढळल्या. त्यावर भूखंडनिहाय अर्ज मागविण्यात आले नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये शासनाने तो मसुदाच बाजूला ठेवून पुनर्रचनेचे आदेश दिले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे आला व २०१८ मध्ये आराखड्यास मंजुरी मिळाली. तो मसुदा होता आणि गोव्याचा आराखडा अंतिम झालेला होता, हा फरक मान्य केला, तरी तत्त्व तेच राहते : चुका पुष्कळ असतील, तर आराखडाच पुन्हा तपासावयाचा असतो.

९. खात्याच्या बाजूचा विचार

समतोल चिकित्सेसाठी खात्याची बाजूही लक्षात घ्यावयास हवी. प्रादेशिक आराखडा २०२१ मधील चुकांमुळे अनेकांची खरी अडचण झाली आहे व ती दूर करण्यास काही मार्ग असणे न्याय्य आहे. संपूर्ण पुनरीक्षण हे दीर्घकाळ चालणारे काम असून तोवर लोकांनी थांबावे काय, हा प्रश्नही रास्त आहे. तसेच मुख्य नगर नियोजक हा शासनाचा अधिकारी असल्याने धोरणात्मक निर्देश नाकारण्याची त्याची क्षमता मर्यादित असते.

परंतु या युक्तिवादांतून भूखंडनिहाय क्षेत्रबदलाचे समर्थन सिद्ध होत नाही. २०२१ हे आराखड्याचे लक्ष्यवर्ष होते. ते उलटून गेल्यावरही नवा आराखडा रचण्याऐवजी, मुदत संपलेल्या आराखड्यात बदल करण्याच्या तरतुदी २०२३ व २०२४ मध्ये आणल्या गेल्या. पुनरीक्षणास वेळ लागतो, हे कारण पुनरीक्षण सुरू केल्यावर देता येते.

१०. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून असे दिसते की, आराखडा रचणारे कार्यालय म्हणून स्थापन झालेले खाते कालांतराने अपवाद मंजूर करणारे कार्यालय बनत गेले. रचना, राखण व बदल ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी एकवटल्याने आणि बदलाचे एकक भूखंड ठरल्याने हे घडले. यावर पुढील उपाय सुचविता येतील.

(१) ‘चूक’ या संज्ञेची व्याख्या कायद्यात करावी. आराखडा तयार होण्याच्या वेळी अस्तित्वात असलेल्या पुराव्याशी विसंगत नोंद म्हणजे चूक. त्यानंतर उद्भवलेला हेतू म्हणजे विनंती. विनंत्यांचा विचार केवळ पुनरीक्षणाच्या वेळीच व्हावा.

(२) चुकांची दुरुस्ती गावनिहाय व एकत्रितपणे करावी. गावातील सर्व कथित चुकांची यादी नकाशासह पंचायतीत लावून ग्रामसभेत तिची तपासणी व्हावी.

(३) राहत्या घरासाठीच्या लहान दुरुस्त्यांना स्वतंत्र, सोपी व कमी खर्चाची पद्धत असावी, म्हणजे त्यांच्या आडून मोठी रूपांतरे होणार नाहीत.

(४) आजवर झालेल्या प्रत्येक क्षेत्रबदलाची कारणमीमांसा व तालुकानिहाय एकूण क्षेत्र खात्याने नियमितपणे प्रसिद्ध करावे. सुटा बदल लहान दिसतो. बेरीज पाहिल्यावाचून त्याचे परिमाण कळत नाही.

(५) राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेड-डी मध्ये जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आहे. या समितीचे विकास नियोजन आणि खात्याचा प्रादेशिक आराखडा यांची सांगड घालावी, म्हणजे खालून येणाऱ्या नियोजनास वैधानिक आधार मिळेल.

या संदर्भात महाविद्यालयांनाही कर्तव्य आहे. विद्यमान जमीन वापराची विश्वसनीय नोंद नसणे, हे या साऱ्या वादाचे एक मूळ आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी परिसरातील एकेक गाव घेऊन दर काही वर्षांनी जमीन वापराचे सर्वेक्षण केले, सर्व्हे क्रमांकानुसार नोंदी ठेवल्या व त्या पंचायतीस उपलब्ध करून दिल्या, तर २००६ मध्ये लोकांना घाईगर्दीत करावे लागलेले काम आधीच झालेले असेल. पुढील आराखड्याचा मसुदा जेव्हा केव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा त्याच्याशी ताडून पाहण्यास गावाच्या हाती स्वतःचा नकाशा असणे अगत्याचे आहे.